नळाला पाणी आलं म्हणजे आत्या पोचली

तुम्हाआम्हाला रस्त्यात ओळखीची माणसं भेटतात तशी माझ्या आत्याला जनावरं भेटायची. दुपारी टेकडीवरून खाली आली की सायकल आमच्या दुकानाच्या भिंतीला टेकवायची, तोंडावर पाणी मारायची आणि गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसता पुसता म्हणायची, "आज वळणावर कोल्हा उभा होता. जरा वाळलाय बिचारा." आमचे डोळे पांढरे. हिचं पुढचं वाक्य, "जेवायला काय केलंय?"

एकदा पुढच्या चाकाखालून साप गेला तर पाय वर घेऊन तशीच उतारावरून आली म्हणे. एकदा साळिंदर पुढे पळतंय आणि ही मागून घंटी वाजवतेय, ते बाजूला व्हायला तयार नाही. "वाट काय त्याच्या बापाची आहे?" असं आम्हालाच विचारत होती. मी म्हटलं, "आत्या, जंगल त्याच्याच बापाचं आहे." तर मलाच टपली मारली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. पाणीखात्यात होती. आमच्या गावामागे टेकडी आहे, टेकडीवर पाण्याची टाकी आणि टाकीखाली व्हॉल्वची खोली. रोज सकाळी वर जायचं, चाक फिरवून पाणी सोडायचं, ठरलेला वेळ तिथं बसायचं, चाक उलटं फिरवून पाणी बंद करायचं आणि खाली यायचं. ऐकायला सोपं काम. पण टेकडी सगळी रानाची. पायथ्याशी एक फाटक आहे, त्याच्या वर गाडी जात नाही. मोठ्या पाइपाच्या कडेनं एक वाट जाते, सायकल आणि माणूस जेमतेम मावेल एवढी. मोबाइलला रेंज नाही. फाटकावरचा चौकीदार येतो तोही आत्या वर गेल्यानंतर. आधी तिथं जे दोन पुरुष नेमले होते ते महिनाभरही टिकले नाहीत. ही टिकली. लग्न का केलं नाही म्हणून कोणी छेडलं तर म्हणायची, "मला सायकलवर डबलसीट जमत नाही."

आमची लाँड्री. खाली दुकान, वर घर. दुकानाच्या मागच्या बाजूला धुण्याचा हौद आणि हौदावर नळ. सकाळी तो नळ उघडा ठेवून बाबा समोर स्टूल टाकून बसायचे. नळ आधी फुसफुसायचा, मग खोकायचा, मग दोन थुंकल्यासारख्या पिचकाऱ्या आणि मग धार. "पोचली," बाबा म्हणायचे, आणि मगच चहाला तोंड लावायचे. पुढे धार बारीक होत थांबली की म्हणायचे, "निघाली." आमच्या घरात तेवढाच निरोप यायचा आणि तेवढा पुरायचा. गल्लीत सगळ्यांना नळाचं पाणी यायचं, आम्हाला नळातून आत्याची खुशाली यायची.

एकदाच हे घोडं अडलं होतं. त्या दिवशी नळ फुसफुसलाच नाही. बाबा उठले, बसले, परत उठले, आणि आई "अहो, चपला तरी नीट घाला" म्हणेपर्यंत फाटकाच्या दिशेनं धावत सुटले. वाटेत आत्या दिसली. एका दगडावर मांडी घालून बसली होती. पुढे वाटेच्या मधोमध एक अस्वल बसून मुंग्यांचं वारूळ उकरत होतं. हिनं सायकल दोघांच्या मध्ये आडवी धरलेली आणि ही त्याचं आटपायची वाट बघतेय! बाबा धापा टाकत पोचले, त्यांनी ते अस्वल बघितलं आणि छातीला हात लावून खालीच बसले. अस्वल आपलं उठून निघून गेलं. बाबा मात्र दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, यांना धावपळ आणि धक्के बंद.

मी आत्याला त्यापूर्वी कधी रडताना बघितलं नव्हतं. दवाखान्याच्या जिन्यात बसून ती हमसून हमसून रडली. "त्या अस्वलानं काही केलं नाही," म्हणत होती, "माझ्या उशिरानं केलं. धाकट्याला मी परत कधी ताटकळत ठेवणार नाही." आम्ही म्हटलं, असू दे गं, जिवंत आहात दोघं. पण तिनं ते मनात धरून ठेवलं. त्यानंतर ती लवकर निघायला लागली, आणि वाटेत काही आडवं आलं तर थांबायच्याऐवजी ओरडून, घंटी बडवून त्याला हाकलायला लागली. आई म्हणायची, "वन्सं, एक दिवस नळ उशिरा आला तर आम्ही काही मरत नाही." आत्या म्हणायची, "तू नाही मरत."

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी नळ उशिरा आला. बाबांचा चहा गार झाला होता. त्यांनी बूट घातले होते, आईनं त्यांचा हात धरला होता, मी "मी जाते, तुम्ही बसा" म्हणून वाद घालत होते. तेवढ्यात फुसफुस सुरू झाली. नळ खोकला. पाणी आलं. बाबा धपकन स्टुलावर बसले. "पोचली," म्हणाले, आणि हसले. "चाक पंक्चर झालं असेल." माझाही जीव भांड्यात पडला. आईनं दुसरा चहा टाकला.

आणि मग पाणी थांबेचना.

नेहमीची वेळ टळली तरी धार तशीच. गल्लीत नुसता आनंदीआनंद. आमच्याकडे पाण्याची कायम बोंब, त्यामुळे लोकांनी बादल्या भरल्या, पातेली भरली, मग पायऱ्या धुतल्या, मग कोणीतरी गाडी धुवायला काढली. शेजारची शिंपीण खिडकीतून ओरडली, "आज तुमची पाणीबाई खुशीत दिसतेय! पगार वाढला की काय?" आई म्हणाली, "वाढला असेल, आम्हाला कशाला सांगतील!" आमच्याकडे एका हॉटेलची ब्लँकेटं कधीची पडून होती, भरपूर पाणी असेल तेव्हा धुवू म्हणून. मी ती सगळी हौदात ढकलली आणि वर चढून तुडवायला लागले. गाणं म्हणत होते मी. अजून आठवतं कोणतं ते, आणि रेडिओवर लागलं की मी उठून बंद करते.

आईच्या आधी लक्षात आलं. हौद भरून वाहायला लागला आणि पाणी गटाराकडे निघालं, ते बघत ती उभी राहिली. म्हणाली, "अगं, वन्संनी एवढं पाणी वाया जाऊ दिलं असतं?"

मी ब्लँकेटांवर उभी होते, तिथंच थिजले. लोकांच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी त्यांचा गळका नळ आवळून येणारी बाई. खोलीत बसून टाकीची पातळी डोळ्यात तेल घालून बघणारी बाई. आणि पाणी चाललंय गटारात, केव्हापासून.

"डोळा लागला असेल," बाबा म्हणाले. पण म्हणता म्हणता ते स्टुलावरून उठून दाराकडे निघाले होते.

"तुम्ही हलायचं नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "इथं बसा आणि नळाकडे लक्ष ठेवा. आई, यांना सोडू नकोस." दुकानाची कपडे पोचवायची सायकल काढली आणि ओल्या पायांनीच निघाले. फोनबिन सगळं इस्त्रीच्या टेबलावर राहिलं.

फाटकावर चौकीदार डबा खात होता. मी काय सांगितलं ते मलाच आठवत नाही, पण तो माझ्या मागून पळायला लागला. रानात चिटपाखरू नव्हतं. मी जन्मात त्या वाटेनं सायकल चालवली नव्हती. प्रत्येक झुडपात काहीतरी बसलंय असं वाटत होतं. मधल्या वळणावर सायकल दिसली. आत्याची. पुढचं चाक पार वाकलं होतं, सीट फाटली होती. आजूबाजूची माती नांगरल्यासारखी उकरलेली. चौकीदार धापा टाकत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "डुक्कर. पिल्लं होती बरोबर. हे बघा छोटे पाय."

इतकी वर्षं साप झाले, अस्वल झालं, आणि शेवटी डुक्कर! त्याचा दात कुठंतरी घुसला असणार, कारण रक्त होतं. थेंब थेंब नव्हतं, ओघळ होता. मी रक्त शोधत खालच्या बाजूला धावले, कारण जखमी माणूस खालीच जाणार ना? खाली उतार होता. घसरत गेली असती तरी फाटकाबाहेर रस्ता होता, रहदारी होती. कोणीही दवाखान्यात नेलं असतं.

"अहो ताई," चौकीदार वळणावरूनच ओरडला. "रक्त वर गेलंय."

मी मागे फिरले. खरंच. रक्त वर गेलं होतं. पाइपाच्या कडेकडेनं, मध्येमध्ये पाइपावर हाताचे लाल पंजे उमटलेले. वर, टाकीकडे. मला एवढा संताप आला की रडूच येईना. वर कुठं? वर कोण होतं तिचं? मूर्ख बाई, वर काय ठेवलं होतं?

खोलीचं दार उघडं होतं. आत्या व्हॉल्वच्या चाकाला पाठ टेकून बसली होती. मांडीला गळ्यातला पंचा आवळून बांधलेला, तो पूर्ण भिजून काळा पडला होता. तोंड पांढरंफटक. मला वाटलं संपलं. पण डोळे उघडले.

"पाणी गेलं ना खाली?" तिनं विचारलं.

"अगं बाई, पाणी गेलं खड्ड्यात!" मी किंचाळले. "तू खाली का नाही आलीस? जवळ होतं खाली! वर का मरायला आलीस?"

"पाणी आलं नसतं तर धाकटा पळत आला असता," ती म्हणाली. "ती डुकरीण अजून वाटेवर आहे."

मी तिचा हात धरला, तो गार होता.

"घाबरलात का?"

"नाही," मी म्हटलं. "पाणी आल्यावर अजिबात नाही घाबरलो." हेच खरं होतं, म्हणून सांगितलं. तिला बरं वाटलं. मान हलवली तिनं.

मग म्हणाली, "बंद कर आधी. मघापासून प्रयत्न करतेय, फिरत नाही माझ्यानं. टाकी रिकामी होईल." चौकीदार तिला पाठीवर घ्यायला वाकला होता, तर त्याला हातानं थांबवलं. "आधी चाक," म्हणाली. माझ्या डोळ्यांत धारा, नाकात धारा, आणि मी ते थंडगार चाक फिरवतेय. कुठल्या बाजूला फिरवायचं तेही ती सांगत होती. घट्ट झालं तेव्हा म्हणाली, "आता अजून थोडं." शेवटपर्यंत आवळून घेतलं माझ्याकडून.

चौकीदारानं तिला पाठीवर घेतलं, मी पुढे दगड मारत, वळणावरून माझी सायकल घेतल्यावर घंटी बडवत चालले. फाटकापासून खात्याच्या जीपमधून नेली. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारात डॉक्टर बाहेर आले, त्यांनी जीपमध्येच वाकून बघितलं आणि मला विचारलं, "केव्हा लागलं हे?" मी म्हटलं, सकाळी. ते म्हणाले, "सकाळी आणायचं होतं. जखम एवढी मोठी नव्हती हो. रक्त थांबवलं असतं तर वाचल्या असत्या." सकाळी गल्ली पायऱ्या धूत होती आणि मी ब्लँकेटं तुडवत होते.

चौकीदारानं आपला फोन पुढे केला. मी घेतला नाही. बाबांना फोनवर कसं सांगणार? त्या हृदयाचं काय झालं असतं? म्हटलं, मला घरी सोडा, मी समोर बसून सांगते.

गल्लीत शिरले तर आमच्या दुकानासमोर धुतलेली ब्लँकेटं दोरीवर ओळीनं टाकलेली होती. आईनं पिळून घातली असणार. बाबा हौदाशी स्टुलावर बसले होते, मी बसवलं होतं तिथंच. नळ कोरडा होता. शेजारी दोन कप चहा झाकून ठेवला होता. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"बघ, उगाच धावलीस!" ते म्हणाले. "तू गेलीस आणि थोड्या वेळानं पाणी थांबलं. मी तुझ्या आईला म्हटलंसुद्धा, डोळाच लागला होता वेडीचा, आता निघाली. आलीच असेल तुझ्या मागून. चहा गार होतोय तिचा."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. माझ्या बाहीवरचं रक्त त्यांना अजून दिसलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "पाणी मी बंद केलं."