चहाच्या सुट्टीतली कबुली

ते प्रकरण आजही आठवतं, आणि आठवलं की आधी स्वतःचाच राग येतो.

दोन हजारनंतरची ती वर्षं. मी लंडनच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह सार्जंट, राहायला इल्फर्डला. मोठ्या फसवणुकींचे खटले चालवणाऱ्या एका विशेष अभियोक्ता कार्यालयात तेव्हा मला तपासासाठी उसनं दिलेलं होतं. आम्ही पोलीस माणसाला आधी ताकीद देतो : गप्प बसायचा हक्क आहे, बोललास तर ते कोर्टात वापरू. विशेष अभियोक्ता मात्र नोटीस काढून उत्तर द्यायला भाग पाडू शकतो. तिथे गप्प बसणं हाच गुन्हा. पण या अधिकाराला कायद्याने कुंपण घातलंय. सक्तीने घेतलेलं उत्तर त्याच माणसाविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्यावरून पुढचा माग काढा, दुसऱ्याविरुद्ध त्याची साक्ष घ्या, पण त्याच्याच गळ्यात ते अडकवता येत नाही.

ब्रिस्टलच्या एका कारखान्याबद्दल निनावी पत्र आलं. तिथे विमानांचे बोल्ट बनत. ते तपासल्याचे दाखले निघतात, पण तपासणी होतच नाही, असं पत्रात होतं. दाखल्यांवर सही होती पुण्याहून वर्क व्हिसावर आलेल्या एका तरुण इंजिनिअरची. मॅनेजर हात झटकून मोकळा झाला होता.

इंजिनिअरला नोटीस गेली. तो वकील घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये दोन कॅसेट फिरत होत्या आणि आमच्या अभियोक्ताबाई एकेक प्रश्न विचारत होत्या. प्रत्येक उत्तर तेच, ‘ॲज पर प्रोसीजर.’ तासाभराने सुट्टी घेतली. त्याचा वकील फोनवर बोलायला बाहेर गेला आणि मी दोन कप चहा घेऊन आत गेलो.

सहज गेलो असं मी लोकांना बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. आवळा देऊन कोहळा काढायलाच गेलो होतो.

“गाव कुठलं?” मी मराठीत विचारलं.

तो दचकला, मग त्याचा चेहरा एकदम सैल झाला. “पुणे, सर. म्हणजे मूळचे आम्ही सांगलीचे. तुम्ही?”

“सातारा.”

परदेशात आपल्या माणसांना एवढं पुरतं. गाव निघालं, मग कोणाकोणाची ओळख निघाली आणि पाच मिनिटांत ‘सर’चा ‘काका’ झाला.

“काका, टेस्टिंगचं मशीन डाऊन होतं हो,” तो हळू आवाजात म्हणाला. “महिनाभर. मॅनेजर म्हणाला, जस्ट साइन इट ऑफ. माझा व्हिसा त्याच्याच हातात. बायको प्रेग्नंट आहे. मी केल्या सह्या. झोप लागत नाही मला.”

मी बाहेर येऊन बाईंना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. “टेप बंद होती, प्रश्न माझा नव्हता. म्हणजे ही सक्ती नव्हे, राजीखुशीची कबुली. तसं लिही. मॅनेजर निसटला तरी हा नक्की आत जाईल.”

घोडं इथेच पेंड खात होतं. मी काय लिहितो यावर त्या मुलाचा तुरुंग ठरणार होता. बोल्ट विमानात बसले होते, तेव्हा त्याचा गुन्हा काही लहान नव्हता. पण तो त्या खोलीत नोटिशीमुळे बसला होता, ताकीद कोणी दिली नव्हती आणि बोलणं मी काढलं होतं. मी नोंदवहीत वेळ घालून हे सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि खाली सही केली. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्याच्या वकिलालाही सगळं कळवलं. पुढच्या आठवड्यात इंजिनिअरने तेच टेपवर सांगितलं, आता कायद्याच्या संरक्षणाखाली. त्या धाग्यावरून आम्ही मशीन दुरुस्त करणाऱ्या बाहेरच्या कंपनीपर्यंत गेलो. मशीन बंद असल्याचं त्यांच्या नोंदींत स्पष्ट होतं, आणि तसं मॅनेजरला कळवल्याची पोचही होती. मॅनेजर दोषी ठरला. इंजिनिअर साक्षीदार झाला, पण नोकरी गेली आणि तिच्यामागोमाग व्हिसाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर त्याने मला वाकून नमस्कार केला. बायको तान्ह्या मुलीला घेऊन बाजूला उभी होती. तिने नमस्कार केला नाही.

“काका, एक विचारू? तुम्ही मराठीत बोलला नसता, तर हे बोलले असते का?”

“नाही,” मी म्हणालो.

“वाटलंच मला,” ती म्हणाली आणि मुलीची टोपी सारखी करून निघून गेली.

नोंदवहीत खरं लिहिलं म्हणून मी तोवर स्वतःवर खूश होतो. कायद्याचं कुंपण बड्या अभियोक्त्यांसाठी असतं, आपण साधे पोलीस, अशी माझी समजूत होती. त्या मुलाला त्या दिवशी जर कोणापासून वाचवायला हवं होतं, तर ते माझ्यापासून. नंतर निवृत्तीपर्यंत चौकशीत आपला माणूस समोर आला की मी पहिलं वाक्य मराठीतच बोलायचो : “मी इथे पोलीस म्हणून बसलोय, जपून बोला.” त्यामुळे काही कबुल्या हातच्या गेल्या. जाऊ दिल्या.