साल आत गेलेली वीट

गवंड्यांमध्ये त्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला बांधलेलं ते वजन कधी वाकडं लोंबत नाही, तसा हा माणूस. त्या प्राचीन स्तूपाच्या डागडुजीवर त्याने एकवीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत एकच वीट उलटी बसवली.

तिथला नियम साधा होता. झिजलेली वीट काढून नवी बसवायची, तर नव्या विटेच्या एका बाजूला डागडुजीच्या वर्षाचं साल उठवलेलं असायचं, आणि ती बाजू बाहेर ठेवायची. पाहणाऱ्याला कळलं पाहिजे, ही मूळची आणि ही आपली. ओळंब्याने त्या एका विटेचं साल आत घातलं. पुढे वाटाड्यांनी शोध लावला, की साल असलेल्या नव्या विटांमध्ये एक मूळची वीट टिकून आहे. यात्रेकरू तिच्यापुढे हात जोडून उभे राहू लागले. ओळंबा शेजारी चुना कालवत ऐकायचा. आधी नोकरी जाण्याच्या भीतीने तोंड उघडलं नाही, आणि नंतर लाजेने.

आता काचबिंदूने त्याची नजर जवळजवळ नेली होती. आपण गेलो की ती वीट कुठली हे सांगायला कुणी उरणार नाही, या विचाराने त्याला घास गोड लागेना. एका सकाळी तो बायकोला म्हणाला, "चल, तुला स्तूप दाखवतो."

"इतकी वर्षं उद्या नेतो, उद्या नेतो म्हणालात. आता दिसत नाही तर दाखवायला निघालात."

पण चपला घालून दारात तीच आधी उभी राहिली.

बसमध्ये त्याने सगळं सांगून टाकलं. तिने एवढंच विचारलं, "कधीची गोष्ट?"

"आपली पोर झाली त्या दिवसाची. शेजारीण निरोप घेऊन आली आणि हातातली थापीच पडली माझ्या. वीट कशी बसली, बघितलंच नाही. घरी येताना अर्ध्या वाटेत लक्षात आलं."

त्यानंतर उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. रागावली असेल, असं त्याला वाटलं.

स्तूपापाशी अनवाणी माणसं पुटपुटत प्रदक्षिणा घालत होती. ओळंबा त्यांच्यात मिसळला. डाव्या हाताने बायकोचा खांदा धरलेला, उजवा हात भिंतीवरून सरकत चाललेला. उत्तरेच्या पायऱ्या संपल्या तसा तो थांबला आणि खालून थर मोजू लागला. बोटं भराभर वर चढली.

"आजोबा, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"अहो, हात लावायचाच पगार मिळायचा मला."

सातव्या थरावर बोटं थबकली. थापी पडल्यावर त्याने विटेखालचा चुना अंगठ्यानेच दाबला होता. त्या खळग्यात त्याचा म्हातारा अंगठा अलगद जाऊन बसला. तो तसाच उभा राहिला, बऱ्याच दिवसांनी घरी आलेला माणूस दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहतो तसा.

पहारेकऱ्याने कार्यालयातल्या मॅडमना बोलावून आणलं. त्या त्याच्या लेकीपेक्षाही लहान होत्या. ओळंब्याने पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आता काय शिक्षा असेल ती करा."

मॅडमनी बॅटरी तिरपी धरून खळगा पाहिला, मग त्याचा अंगठा पाहिला. "शिक्षा कसली, काका? सांगायला आलात हेच खूप झालं. वीट काढायची नाही. कोपऱ्यात बारीक साल कोरून घेऊ. पण आधी कागद, मग छिन्नी. तारीख आठवते?"

ओळंबा आठवू लागला. बायकोने दिवस, महिना, साल घडाघडा सांगितलं आणि वर म्हणाली, "सकाळचे अकरा वाजले होते. तेही लिहा."

मॅडम लिहून घेऊन गेल्या. दोघं कठड्यावर टेकली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"त्या दिवशी तोंड पाडून घरी आलात," ती म्हणाली. "पोरीला घेतलंत, पण बोलला नाहीत. मुलगी झाली म्हणून मन खट्टू झालं, असंच मी धरून चालले. आजपर्यंत."

ओळंब्याने मान वळवली, जणू ती दिसणार होती. "अगं, मला त्या विटेची धास्ती. आणि पोर हातात घेतली तर बोटांना चुना लागलेला. तिला लागेल म्हणून अंग चोरून बसलो होतो मी."

"मग सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कधी?"

ती पदराने डोळे पुसून उठली आणि यात्रेकरूंच्या मागून एकटीच पुन्हा प्रदक्षिणेला निघाली. उत्तरेच्या पायऱ्यांपुढे थांबून तिने थर मोजले. मग वाकून सातव्या थरातल्या त्या विटेवर कपाळ टेकलं.

"आजी, हात लावू नका म्हटलं ना."

"हात कुठे लावलाय," ती तशीच राहून म्हणाली.

कठड्यावर बसलेल्या ओळंब्याला तिचा आवाज बरोबर ओळखू आला आणि तो एकटाच हसला.