धारचा जावई

देवासला उतरले तेव्हा हातात दिवाळीच्या फराळाचा डबा होता आणि डोक्यात फक्त झोप. पुण्यात मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे नातेवाईक मला झाडांचा डॉक्टर समजतात. आप्पामामांनी फराळाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला थेट गच्चीवर नेलं.

"बघ. इतकी फुलं, पण वांगं एक नाही. सूनबाईच्या हाताला बरकतच नाही, और क्या!"

सूनबाई म्हणजे रेणू, धारची, उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. मागे कपबशा घेऊन उभी होती. या घरची रीत अशी की चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत नव्या सुनेने लावलेल्या वांग्यांचंच हवं. बाजारातली वांगी देवाला चालत नाहीत म्हणे. देवाला कुणी विचारलंय, हा प्रश्न मी गिळला.

"वन्सं, मी रोज पानी देते, खाद देते," रेणू हळूच म्हणाली. "अब और काय करू? शेजारच्या बायकासुद्धा माझे हातच बघतात." बोलताना तिने खरोखर हात पदराआड नेले. मला आप्पामामांचा भयंकर राग आला.

झाडं मात्र संशयास्पद होती. गुडघ्याएवढी, गुटगुटीत, पानं गडद हिरवी. मी एक फूल तोडून मोबाइलच्या काळ्या काचेवर झटकलं. काही पडलं नाही. पाकळ्या उघडून पाहिल्या, तर पुंकेसर आखडलेले, फिके. स्त्रीकेसर मात्र धडधाकट.

"मामा, झाडं इतकी बुटकी कशी?"

मामा खुलले. "मीच केली! उंच वाढून देवीची टेकरी झाकत होती. सकाळी चहा घेताना देवीचं दर्शन नको? सोनकच्छच्या दुकानदाराने औषध दिलं. म्हणाला, भिया (इकडे सगळेच भिया, म्हणजे भाऊ), ढक्कनभर डालो. मी जरा सढळ हाताने घातलं."

झाडाला उंच करणारं एक संप्रेरक असतं, जिबरेलिन. मामांच्या औषधाने झाडाचं ते बनवणंच बंद पाडलं होतं. पण पुंकेसरांना लांब व्हायला आणि आतले परागकण पिकायलाही तेच लागतं. ते कमी पडलं की फूल दिसतं झकास, पण नर बाजू निकामी. हे मी समजावलं. मामांना यातलं 'नर बाजू निकामी' एवढंच ऐकू आलं आणि ते फार रागावले.

"काहीतरीच! दोष हाताचाच."

औषध कुंड्यांच्या मातीत मुरलेलं, उतारा द्यायला वेळ नव्हता. पण स्त्रीकेसर शाबूत होते, फक्त पराग हवे होते. "लागलं फळ, तर काय कराल?" मी विचारलं. मामा म्हणाले, "भरीत मी स्वतः करीन." या माणसाने आयुष्यात पापड भाजलेला नाही.

रेणूच्या आईकडे परसात वांगी होती. दुसऱ्या सकाळी इंदूरला बस बदलून, मध्ये पोहे-जिलबी हाणून, धारला रेणूच्या माहेरी पोचले. तिच्या आईने, म्हणजे अक्कांनी, दाल-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) इतक्या तुपात वाढले की बोलणं अवघड झालं. परसात वांग्याची खांद्याएवढी झाडं फळांनी लगडलेली.

"ती फोनवर हसते, पण आईला समझतं," अक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, चार वांगी चुपचाप पाठवते. तर म्हणाली, नको, देवाला फसवणार नाही." त्यांनी डोळे पुसले आणि मला आणखी एक बाफला वाढला.

मी तिथलं एक फूल काचेवर झटकलं. पिवळी भुकटी! मग ताजी फुलं तोडून डब्यात भरली.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या काकूंनी डबा उघडायला लावला. "टेकरीपे चढाने के फूल हैं?"

"नहीं, जावई है. बैंगन की शादी है."

काकू इंदूरपर्यंत माझ्यापासून सरकून बसल्या.

देवासला पोचताच 'जावई आला!' म्हणत रेणूला गच्चीवर बोलावलं. पराग लावायचं काम मी मुद्दाम केलं नाही, कारण वाद तिच्या हाताचा होता. तिने करंगळीवर पिवळी भुकटी घेतली आणि एकेका फुलाला कुंकू लावावं तशी टेकवली. मामा पेपरच्या आडून बघत होते.

मी पुण्याला परतले. चंपाषष्ठीला रेणूचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर धूर, धुरात आप्पामामा, आणि चिमट्यात अंड्याएवढं एकुलतं एक वांगं.

"वन्सं, मामंजींना खोकला लागलाय!" रेणू हसत होती, आणि हे हसू फोनपुरतं नव्हतं. नैवेद्य झाल्यावर त्या चमचाभर भरिताचा पहिला घास मामांनी तिच्या हातावर ठेवला.

"हात चांगला आहे पोरीचा," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "जावईच धारहून आणावा लागला."

मग रेणूने मला गच्ची दाखवली. जुन्या कुंड्या रिकाम्या, नव्या मातीत नवी रोपं. ती वाढतील, टेकरी पुन्हा झाकतील, याची मला काळजी वाटली. एवढा प्रवास, एवढं शास्त्र, आणि मूळ भानगड एका चहाच्या कपाची. तेवढ्यात कोपऱ्यात मामांची चहाची खुर्ची दिसली. त्यांनी ती कुंड्यांच्या आडून दोन हात बाजूला सरकवली होती.