पांढरीतली माती

माझं माहेर वेल्ह्याकडचं, सासर भोंगवलीजवळ. दर वर्षी घट बसायच्या आधी माहेरून पांढऱ्या मातीची पोती यायची आणि मी सासरच्या भिंती पोतारायची. सासूबाईंना दुसरी माती चालायची नाही. ओढ्यापलीकडे प्लेगात ओस पडलेलं जुनं गावठाण होतं. त्याला सगळे पांढर म्हणत. तिथल्या पडक्या घरांची माती आयती मिळे, अख्खा गाव तीच लावी. फक्त आमच्या घरी ती येत नसे. मला हा नुसता हट्ट वाटायचा, आणि पोती गाडीतून उतरवताना मी मनात चडफडायची.

एका वर्षी माजघराची शेवटची भिंत उरली आणि माती संपली. ह्यांनी गुपचूप पांढरीतून पाटीभर आणून दिली. "आयेला काय कळतंय? माती ती माती," म्हणाले. ओली असताना खरंच दोन्ही सारख्या दिसल्या. दुपारी भिंती वाळल्या तशी माझी पाचावर धारण बसली. माहेरची माती सायीसारखी पिवळसर निघाली, ही राखेकडे झुकलेली. परक्या माणसाला दोन्ही पांढऱ्याच वाटल्या असत्या. सासूबाईंना उंबऱ्यातूनच कळलं.

"ही कुठली?"

"पांढरीतली, आत्याबाई. मी खरवडते लगेच."

त्या भिंतीपाशी खाली बसल्या. ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी होती, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं.

"तिला गाठ आलती. सगळी माळावर निघाली. म्या तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठिवला अन् गेले. तिला उठून बसाया बी येत नव्हतं. त्याच घराची माती आसल ही, कुणी सांगावं. खरवडू नगं, पोरी. लई वर्सांनी आत आलीया."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. रडूही आलं.

त्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी त्या भिंतीशी तांब्या भरून ठेवत. सकाळी पाणी थोडं कमी असे. मांजर पीत असेल, असं मी म्हणायची. आमच्याकडे मांजर नव्हतं.

सासूबाई गेल्या, तेव्हापासून तांब्या मी भरते. भिंतीच्या अगदी जवळ ठेवते, निजल्या निजल्या हात पोचेल असा.