आधी खाऊ घालायचं

प्रयोगशाळेतला इनक्युबेटर उघडला. आतली बाटली हाताला कोमट लागली, तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखी. बाटलीत पेप्टोनचं साधं पौष्टिक पाणी आणि त्यात आदल्या दिवशी टाकलेलं कोंबडीखाद्य.

तेवढ्यात खाद्य कारखान्याच्या मॅनेजरांचा फोन. "मॅडम, ट्रक भरून उभाय. थेट लाल प्लेटवर टाका की! काही उगवणार नाही, बघा."

"तिथेच तर गोम आहे," मी म्हटलं. "उभा राहू दे ट्रक."

खाद्य तयार होताना चांगलं तापतं. त्यातून साल्मोनेला, म्हणजे आजार पसरवणारा जंतू, वाचलाच, तर अर्धमेला असतो. त्याला एकदम लाल प्लेटसारख्या, इतर जंतूंना रोखणारी रसायनं घातलेल्या कडक माध्यमावर टाकलं तर तो वाढतच नाही, आणि आपण 'काही नाही' लिहून मोकळे होतो. म्हणून पकडण्याआधी त्याला खाऊ घालायचं.

माहेरी आलेल्या लेकीचा चेहरा उतरलेला दिसला, तरी आई उंबऱ्यावर काही विचारत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही गं." आधी पाणी, मग गरम भात. बोलणं त्यानंतर येतं. जंतूला लेकीची उपमा देऊ नये, कळतं मला. पण घाईने विचारणाऱ्याला 'काही नाही' हेच ऐकायचं असतं, हे मी दोन्हीकडे पाहिलंय.

बाटलीतला थेंब मी कडक माध्यमात सोडला, दुसऱ्या दिवशी तिथून लाल प्लेटवर. मॅनेजर रोज फोन करायचे, मी रोज तेच सांगायचे.

शेवटी प्लेट हातात घेतली. लाल माध्यमावर, मधोमध तीट लावल्यासारखे काळे ठिपके, साल्मोनेलाची खूण.

या वेळी फोन मी लावला. "ट्रक उतरवून घ्या."