नानाच्या हाताला धरून

आईच्या पश्चात माझा थोरला भाऊ, नाना, जळगावला मेहरूणमध्ये माझ्याकडे राहायला आला. तरुणपणीच त्याला स्किझोफ्रेनिया झाला होता. कानात आवाज यायचे, कोणीतरी पाळतीवर आहे असं वाटायचं. गोळ्यांनी ते बरंच आवरलं होतं आणि आम्ही त्या आजाराला सरावलो होतो. पण साठीच्या आतच काहीतरी निराळं सुरू झालं. भर सकाळी तो शर्टाची बटणं पाठीमागे शोधायचा. मोरीत जायला निघायचा आणि देवघरापाशी येऊन गोंधळून उभा राहायचा. ज्याला पूर्वी चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या सगळ्या पाऊलवाटा पाठ होत्या, तो आता माझ्या तीन खोल्यांत हरवत होता. नातेवाईक म्हणाले, त्याचं डोकं आधीपासून तसंच, त्यात नवीन काय? ज्यांच्याकडे आम्ही दाखवत होतो त्या डॉक्टरांनीही जुनाच आजार वाढलाय म्हणून गोळी वाढवून दिली. नाना आणखीच सुस्त झाला. मनातून मी खचले होते. वर्षानुवर्षं पूजा करणाऱ्या माझ्या आईचं देवीने ऐकलं नाही, तर माझं काय ऐकणार, असं वाटायचं.

तरी चैत्रात त्याला घेऊन मनुदेवीला गेले. आमची कुलदेवी ती, सातपुड्याच्या कुशीत बसलेली. मागायचं असं काही ठरवलं नव्हतं. ओटी भरून मागे वळले तर नाना जागेवर नाही. दुकानांमागे पाहिलं, कड्याखालच्या दगडांत पाहिलं, घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारल्या. मग गाभाऱ्याकडे तोंड करून, जवळजवळ रागाने म्हणाले, "आई, एवढा परत दे. पुढचं सगळं मी करीन."

वळते तोच पायऱ्यांवरून पांढऱ्या केसांच्या एक बाई त्याचा हात धरून येताना दिसल्या. नाना शांतपणे केळं खात होता. "एकाच झाडाभोवती फिरत होते. विचारलं तर म्हणाले, 'माले घर जावानं शे,'" त्या म्हणाल्या. मला रडू कोसळलं. त्यांनी मला सावलीत बसवलं. दीपनगरला राहत होत्या, आणि निवृत्त होईपर्यंत मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होत्या. नानाच्या गोळ्या पिशवीतच होत्या, त्या त्यांनी नीट पाहिल्या.

"ताई, एका माणसाला दोन आजार असू शकतात," त्या म्हणाल्या. "स्किझोफ्रेनिया असलेल्यांना विसराळूपणाचा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, लवकरही होतो. पण सगळं त्यावर ढकलू नका. ही एक गोळी हाताचा कंप थांबवायला दिलेली दिसते, अशा गोळीनेही स्मरण मंदावतं. मनाने काही बंद करू नका हं. पण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा. माझ्या दिराच्या वेळी आम्ही वेडच म्हणत बसलो, आणि उशीर झाला." त्यांनी नानाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या आपल्या लोकांबरोबर निघून गेल्या. नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

त्याच आठवड्यात नानाला धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी मला बोलू दिलं, मग नानाला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. मेंदूचा फोटो काढला, रक्तात बी-बारा फार कमी निघालं. कंपाची गोळी हळूहळू कमी करत बंद केली, वाढवलेली गोळी पूर्ववत केली, इंजेक्शनं सुरू झाली. पावसाळा संपेपर्यंत नाना पुष्कळ जागा झाला. स्वतः जेवू लागला, भाकरी कडक झाली म्हणून कुरकुरूही लागला! पण डॉक्टरांनी काही लपवलं नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली होती. तो पुसता येणार नव्हता, त्याची चाल फक्त सावरता येणार होती.

मग मी कंबर कसली. मोरीच्या दारावर बादली-तांब्याचं मोठं चित्र लावलं. रोज त्याच वेळी जेवण, त्याच वेळी मेहरूणच्या तलावाकाठी फेरी. कोणी वेडा म्हणालं तर मी तिथल्या तिथे सांगते, "आजारी आहे, आणि उपचार चालू आहेत." त्या बाईंना देवीने धाडलं का, हे मी कोणाला पटवायला जात नाही. हात जोडले की त्यांचा चेहरा आठवतो, एवढंच. पूर्वी मी देवीपुढे हट्ट धरून बसायची, नाना पहिल्यासारखा कर म्हणून. आता म्हणते, किती उरेल ते तुझ्याकडे, उरलेलं सांभाळणं माझ्याकडे. असं म्हणायला लागल्यापासून अंगात बळ आलं आहे.

परवा सकाळी त्याला आंघोळ घालताना त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू कोन शे?"

तांब्या खाली ठेवून मी आमच्या बोलीतच म्हणाले, "मी तुन्ही बहीन शे, नाना."

त्याने मान खाली घालून डोकं माझ्या हाती दिलं.

"मंग बरं शे," म्हणाला. "वत पानी."