नकाशाची कापलेली कड

माझी मावशी एकतीस वर्षं एकाच खोलीत फाटके कागद जोडत बसली. ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर जुन्या नकाशांचा विभाग होता आणि त्याच्या टोकाला, उत्तरेच्या खिडकीखाली, तिचं टेबल. गव्हाच्या पिठाची खळ, चार ब्रश, एक भिंग आणि कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदाचे गठ्ठे. बाकीचे तिला 'खळवाली' म्हणायचे. ती चिडायची नाही. "चिकटून राहिले म्हणून तर नोकरी टिकली," असं तीच म्हणायची. तिनं लग्न केलं नाही. माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

विभागात साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक नकाशा होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. एक लांबलचक किनारा, खाड्या, खडक, आणि उरलेला सगळा कागद बारीक लाटांनी भरलेला. त्याच्या दोनच प्रती जगात उरल्या होत्या आणि दुसरीची खालची बाजू जळालेली होती. नकाशा करणारा माणूस कधी जहाजावर चढलाच नव्हता. खलाशांना घरी बोलवायचा, जेवू घालायचा आणि त्यांच्या तोंडून ऐकून किनारा कोरायचा. म्हातारपणी आपला हात कापतो, असं त्यानं एका पत्रात लिहिलं होतं. आणि तरीही या शेवटच्या नकाशातल्या लाटा त्याच्या आधीच्या सगळ्या कामाहून नाजूक. अभ्यासक म्हणत, उतारवयात त्याची कला बहरली. मावशीला ते पटत नसे. "कापऱ्या हातानं? मला सांगू नका. मी हातावर पोट भरते."

मग एके वर्षी नकाशाची जुनी पुठ्ठ्याची चौकट बदलायचं काम तिच्याकडे आलं. चौकट निघाली तशी तिच्याखाली दबलेली कड उघडी पडली. त्या कडेवर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, एक ओळ कोरलेली होती. आजवर नकाशाचे सगळे फोटो चौकटीसकट काढलेले, त्यामुळे ती कुणी पाहिली नव्हती. जुनी लिपी मावशीला वाचता यायची. ओळीचा अर्थ होता: 'किनारा माझा, पाणी लेकीचे.'

त्या दिवशी ती घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात. "अगं, त्याला मुलगी होती! लाटा तिच्या आहेत!"

पण हे तिनं माझ्याआधी आणखी एकाला सांगितलं होतं. अकरा वर्षं विभागात येणारे एक प्राध्यापक होते. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. तिच्या कामाची विचारपूस करणारा तेवढा एकच माणूस. सरांनी भिंगातून ओळ पाहिली आणि भिंग टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "एवढ्यात कुठे नोंदवू नका. मी नीट लेख लिहितो. शोध तुमचा, तुमचं नाव आधी." मावशीचं नाव कधी कुठे छापून आलं नव्हतं. ती गप्प बसली. फोटोसुद्धा काढला नाही. नवी चौकट बसवली आणि कड पुन्हा झाकली गेली.

सात महिन्यांनी तपासणीत कळलं, की चौकटीत नकाशाच नाही. आत तेवढ्याच मापाचा कोरा कागद. आणखी नऊ नकाशे गेले होते, सगळे सर ज्या टेबलावर बसायचे तिथे कधी ना कधी आलेले.

विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. "हा चौकटीबाहेर काढून कुणाला दाखवला होता?"

"हो. सरांना. मीच."

तिला थापा मारता येत नसत. त्याच आठवड्यात तिला तळघरात रजिस्टरांना पुठ्ठे चढवायला पाठवलं. जिन्यात लोक तिला पाहून बोलणं थांबवू लागले. तिचं जेवण सुटलं. 'मी कशाला तोंड उघडलं' एवढंच ती पुनःपुन्हा म्हणायची, भाजी चिरतानासुद्धा.

दीड वर्षानं नकाशा दुसऱ्या शहरातल्या एका संग्राहकाकडे सापडला; सरांनीच तो विकला होता. हा ग्रंथालयाचा नव्हेच, आजवर माहीत नसलेली तिसरी प्रत आहे, असं सरांच्या वकिलांचं म्हणणं. मावशीला कोर्टात उभं केलं. तिनं नकाशा पालथा केला आणि वरच्या कोपऱ्यातला पातळ कागदाचा जोड दाखवला. "हा माझा आहे. धागे आडवे लावायची माझी सवय." तिच्या जुन्या कामांशी ताडून पाहिलं. ते पटलं आणि सरांना शिक्षा झाली.

पण नकाशाची खालची कड नव्हती. धारदार पात्यानं, पट्टी लावून, सरळ कापलेली. ती ओळ असती तर मावशीनं ती न पाहता सांगितली असती आणि प्रत लगेच ओळखू आली असती, हे सरांना ठाऊक होतं. त्यांना सांगणारी मावशीच होती.

कड होती आणि तिच्यावर ओळ होती, हे तिनं कोर्टात सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, "कुठे नोंद?" नव्हती.

सर अपिलात जामिनावर सुटले, तेव्हा ती त्यांच्या घरी गेली. मी सोबत होते. दारातच उभं ठेवलं त्यांनी.

"माझं नाव नको," मावशी म्हणाली. "तिथं ओळ होती, एवढं लिहून द्या. त्या मुलीसाठी."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. आवाज तोच, मऊ. "कुठली ओळ, बाई?"

आणि दार लावलं. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. परत येताना बसमध्ये तिनं माझा हात धरून ठेवला होता, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

नकाशा दुरुस्तीला तिच्याकडेच आला, कारण दुसरं कुणी नव्हतं. तिला वरची खोली परत मिळाली. कापलेल्या बाजूला तिनं त्याच जातीच्या कागदाची नवी कड जोडली. तीन आठवडे लागले. एका संध्याकाळी मी म्हटलं, "ती ओळ लिही की तिथं. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणूनच नाही लिहायची," ती म्हणाली. "खोटी ओळ सापडली, तर ती मुलगी कायमची खोटी ठरेल."

नकाशाच्या नोंदीत मुलीचा उल्लेख करा, म्हणून तिनं ग्रंथालयाच्या सूचीविभागाला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना तेच उत्तर आलं: पुराव्याअभावी बदल करता येत नाही. तिसऱ्या पत्रानंतर तिनं लिहिणं सोडलं. निवृत्तीच्या दिवशी विभागप्रमुखांनी भाषणात म्हटलं, की यांच्यामुळेच नकाशा वाचला. टाळ्या वाजल्या. ती खाली मान घालून बसली होती. लोकांना वाटलं, लाजली.

गेल्या थंडीत ती गेली. शेवटचे दोन महिने तिला माणसं ओळखू येत नव्हती. मला ती ताई म्हणायची, म्हणजे माझी आई समजून. एकदा मात्र स्पष्ट आवाजात म्हणाली, "ताई, मी त्याला सांगायला नको होतं गं."

मागच्या महिन्यात मी नकाशा पाहायला गेले. आता तो काचेमागे आहे. शेजारच्या पाटीवर बापाचं नाव, साल, आणि त्याखाली: 'उतारवयातील कलेचा उत्कर्ष.' एक वयस्कर जोडपं वाचत होतं. मी त्यांना म्हटलं, "या लाटा त्याच्या मुलीनं कोरल्यात." बाईंनी काचेत वाकून पाहिलं. नवरा म्हणाला, "तसं लिहिलेलं दिसत नाही," आणि ती दोघं पुढच्या दालनात गेली.